विश्लेषण : ‘ब्रेनस्टॉर्मिंग’च्या बैठकीत कल्पना कमी का सुचतात? आधी कागद, मग चर्चा हा उपाय कसा?

सोमवारी सकाळी अकराची बैठक. टीम लीडर मार्कर घेऊन व्हाइटबोर्डसमोर उभा. ‘कोणतीही कल्पना सांगा, इथे चूक-बरोबर काही नाही,’ असे तो म्हणतो आणि खोलीत शांतता पसरते. मग नेहमीचे दोघे बोलू लागतात. बाकीचे पाऊण तास त्यांचीच री ओढतात. शेवटी साहेबांनी आधीच मनाशी ठरवलेला पर्याय ‘सर्वानुमते’ मंजूर होतो. आयटी कंपनी, कारखाना, महाविद्यालयातील प्रोजेक्ट ग्रुप किंवा गृहनिर्माण सोसायटीची सभा, चित्र फारसे बदलत नाही. ‘आपल्या लोकांना काही सुचतच नाही’ असा निष्कर्ष काढून सगळे मोकळे होतात. मात्र गेल्या सहा-सात दशकांतील संशोधन सांगते, की दोष माणसांपेक्षा बैठकीच्या पद्धतीत जास्त आहे. तो दूर करायला महागडे प्रशिक्षण किंवा सॉफ्टवेअर लागत नाही. कोरे कागद आणि दहा मिनिटांची शांतता पुरते.

‘ब्रेनस्टॉर्मिंग’ आले कुठून?

या पद्धतीचे जनक म्हणजे अमेरिकेतील ‘बीबीडीओ’ या जाहिरात संस्थेचे एक संस्थापक ॲलेक्स ऑस्बर्न. संस्थेच्या नावातील ‘ओ’ त्यांचाच. १९४० च्या दशकात त्यांनी या पद्धतीबद्दल लिहायला सुरुवात केली आणि १९५३ मध्ये आलेल्या ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ या पुस्तकामुळे ती जगभर पोहोचली. त्यांचे नियम चार. कल्पना मांडल्या जात असताना टीका करू नका. विचित्र वाटणारी कल्पनाही येऊ द्या. जास्तीत जास्त कल्पना जमवा. आणि दुसऱ्याच्या कल्पनेला आपली जोड देत ती सुधारा.

नियम सोपे आणि लोकशाहीवादी वाटणारे असल्याने कंपन्यांनी ते उचलून धरले. एकट्याने विचार करण्यापेक्षा गटात बसल्यावर सर्वसाधारण माणसाला दुप्पट कल्पना सुचतात, असा ऑस्बर्न यांचा दावा होता. गटाच्या बैठकीला एकट्याने केलेल्या विचाराची जोड हवी, असेही त्यांनी लिहिले होते. कंपन्यांनी दावा लक्षात ठेवला आणि ही पुस्ती सोडून दिली.

दावा तपासल्यावर काय दिसले?

१९५८ मध्ये येल विद्यापीठातील डोनाल्ड टेलर, पॉल बेरी आणि क्लिफर्ड ब्लॉक यांनी ९६ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. ४८ जणांना चार-चारच्या १२ गटांत बसवले, उरलेल्या ४८ जणांना एकेकटे. सगळ्यांना तेच प्रश्न दिले. त्यातला एक गमतीशीर होता : प्रत्येक हाताला एक जादा अंगठा आला, तर फायदे-तोटे काय होतील?

एकेकट्या बसलेल्यांचे नंतर कागदावरच चार-चारचे गट पाडले आणि त्यांच्या कल्पना एकत्र मोजल्या. दोघांना तीच कल्पना सुचली असेल, तर ती एकदाच धरली. म्हणजे तुलना ‘चार विरुद्ध एक’ अशी नव्हती. एकत्र बसलेले चार आणि वेगवेगळे बसलेले चार, अशी ती सरळ तुलना होती. वेगवेगळ्या बसलेल्या चौघांच्या कल्पना जवळपास दुप्पट भरल्या. ऑस्बर्न यांचा ‘दुप्पट’ हा आकडा खरा ठरला, पण उलट्या दिशेने.

विद्यार्थ्यांचे सोडा, अनुभवी माणसांचे काय, असा प्रश्न साहजिक होता. १९६३ मध्ये मार्विन डनेट आणि सहकाऱ्यांनी ‘थ्रीएम’ कंपनीतील ४८ संशोधक आणि ४८ जाहिरात कर्मचाऱ्यांवर तसाच प्रयोग केला. २४ पैकी २३ गटांतील लोकांनी एकत्र बसण्यापेक्षा एकट्याने जास्त कल्पना दिल्या. १९९१ मध्ये ब्रायन मलेन आणि सहकाऱ्यांनी असे २० अभ्यास एकत्र तपासले. गट जितका मोठा, तितका तोटा जास्त, असे त्यांना दिसले. कल्पना लिहून दिल्या तर तोटा कमी होतो आणि बोलून सांगितल्या तर वाढतो, हेही दिसले. हा शेवटचा मुद्दा पुढे कामी येणार आहे.

घोडे पेंड कुठे खाते?

जर्मनीतील मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये तीन संभाव्य कारणे एकेक करून तपासली.

पहिले कारण, रांग. बैठकीत एका वेळी एकच जण बोलू शकतो. सहा जणांच्या एका तासाच्या बैठकीत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटे येतात. उरलेली पन्नास मिनिटे तो दुसऱ्याचे ऐकतो किंवा आपला मुद्दा विसरू नये म्हणून मनात घोळवतो. दोन्ही करताना नवे काही सुचत नाही. संशोधकांनी लोकांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवले, पण दुसरा बोलत असल्याचा दिवा लागला की थांबायचे, असा नियम घातला. एवढ्याने कल्पना घटल्या. तिन्हींपैकी सर्वांत मोठे कारण हेच निघाले.

दुसरे कारण, लोक काय म्हणतील ही भीती. ‘टीका करायची नाही’ असा नियम भिंतीवर लावता येतो, पण समोरच्याच्या भुवया उंचावल्या तर त्याला काय करणार?

तिसरे कारण म्हणजे गाड्याबरोबर नळ्याची यात्रा. गटाचे श्रेय सगळ्यांचे असल्याने काही जण हात आखडता घेतात. मॅक्स रिंगलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोरी ओढण्याच्या प्रयोगांत हेच पाहिले होते. माणसे वाढत गेली, तसा दोरीवर प्रत्येकाचा सरासरी जोर कमी होत गेला.

याशिवाय पहिल्या कल्पनेचा खुंटा असतो. समजा, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये दुपारचे अन्न रोज वाया जाते आणि त्यावर बैठक आहे. पहिल्याने ‘ॲप करू या’ म्हटले, की पुढचा अर्धा तास त्या ॲपचा रंग, नाव आणि लॉगिन यावर जातो. ताट लहान करावे, भाजी कमी तिखट करावी, जेवणाची वेळ बदलावी, हे पर्याय कोणाच्या डोक्यात असले तरी तोंडाबाहेर येत नाहीत.

मग ही पद्धत टिकली कशी?

कारण बैठक संपल्यावर सगळ्यांना बरे वाटते. पॉल पॉलस आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवले, की गटात बसलेल्यांना आपली कामगिरी आहे त्यापेक्षा चांगली वाटते. फळा भरलेला दिसतो, हशा झालेला असतो, इतरांच्या कल्पनाही थोड्या आपल्याच वाटू लागतात. न सुचलेल्या किंवा न बोललेल्या कल्पना मात्र कोणत्याच फळ्यावर दिसत नाहीत. त्यामुळे नुकसान झाल्याचे कळायलाही मार्ग नसतो.

आपल्याकडे फटका कोणाला बसतो?

वरचे प्रयोग बहुतेक सारख्या दर्जाच्या माणसांवर झाले. आपल्या बैठकीत मॅनेजर असतो, सीनियर असतात आणि काल रुजू झालेला फ्रेशरही असतो. वरिष्ठांना ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणण्याची सवय शाळेपासूनची. त्यांच्यानंतर बोलायचे ते दुजोरा देण्यासाठी, हा अलिखित नियम तिथूनच अंगात मुरतो.

त्यात भाषेची भर पडते. मराठी माध्यमातून शिकून हिंजवडी किंवा ऐरोलीच्या कंपनीत आलेला तरुण मुद्दा आधी मनात इंग्रजीत जुळवतो. वाक्य तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. वर सांगितलेली ‘रांग’ त्याच्यासाठी आणखी लांब होते. बोलायला सुरुवात करताच मध्येच तोडले जाण्याचा अनुभव अनेक महिला कर्मचाऱ्यांना असतो. सहा महिन्यांनी अप्रायझलच्या फॉर्मवर ‘पुढाकार कमी’ असा शेरा येतो. कल्पना होती की नव्हती, हे कोणी तपासलेले नसते. कोण किती बोलले, एवढेच मोजलेले असते. पगारवाढ आणि पुढची संधी या शेऱ्यावर ठरत असल्याने हा प्रश्न केवळ बैठकीच्या तंत्राचा राहत नाही.

शिवाय काही माणसे खोलीतच नसतात. कॅन्टीनमध्ये कोणती भाजी ताटात उरते, हे सर्वांत अचूक ताटे गोळा करणाऱ्या माणसाला ठाऊक असते. अन्न वाया जाण्यावरच्या बैठकीला त्याला बोलावल्याचे क्वचितच दिसते.

‘६-३-५’ पद्धत काय आहे?

जर्मनीतील विपणन तज्ज्ञ बेर्न्ड रोरबाख यांनी १९६८ मध्ये मांडलेली ही पद्धत ‘ब्रेनरायटिंग’ म्हणून ओळखली जाते. सहा जण, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटे. प्रत्येकासमोर एक कागद असतो. त्यावर तीन कल्पना लिहायच्या, पाच मिनिटे झाली की कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा. शेजारी त्या वाचतो आणि खाली आपल्या तीन लिहितो. आधीच्या कल्पनेत भर घातली तरी चालते, पूर्ण नवी लिहिली तरी चालते. सहा फेऱ्या, म्हणजे अर्ध्या तासात १०८ नोंदी. काही कल्पना सारख्या निघतील, काही टाकाऊ असतील. तरी अर्धा तास बोलून व्हाइटबोर्डवर इतके जमणे अवघड.

कॅन्टीनचेच उदाहरण घेऊ. एकाने लिहिले, ‘ताट लहान करा’. दुसऱ्याने खाली जोडले, ‘लहान ताट, पण पुन्हा वाढून घ्यायला वेगळी रांग, म्हणजे उपाशी राहण्याची भीती नाही’. तिसऱ्याने लिहिले, ‘त्या रांगेत कोणती भाजी पुन्हा मागितली जाते याची नोंद ठेवा, दुसऱ्या आठवड्याचा मेन्यू त्यावरून ठरवा’. तिघांपैकी कोणीही तोंड उघडलेले नाही, कोणी कोणाला थांबवलेले नाही आणि कल्पना मात्र तीन पायऱ्या वर गेली. ऑस्बर्न यांचा ‘दुसऱ्याच्या कल्पनेला जोड द्या’ हा नियम इथे बोलण्यापेक्षा चांगला पाळला जातो. पॉलस आणि हुई-च्वान यांग यांच्या २००० मधील अभ्यासातही कागद फिरवत लिहिणारे गट एकेकट्या बसलेल्यांच्याही पुढे गेले होते.

स्मार्ट इंडिया हॅकेथॉनच्या संघात सहाच विद्यार्थी असतात. प्रश्न निवडल्यावर ‘ज्याला कोडिंग येते तो सांगेल ते करू’ असे होण्याआधी अर्धा तास कागद फिरवून पाहायला काय हरकत आहे?

बोलायचेच असेल तर?

अमेरिकेतील आंद्रे डेलबेक आणि अँड्र्यू व्हॅन डे व्हेन यांनी १९७० च्या सुमारास मांडलेली ‘नॉमिनल ग्रुप’ पद्धत अशा वेळी उपयोगी पडते. तिचे टप्पे चार :

• सगळे काही मिनिटे शांतपणे आपापल्या कागदावर लिहितात.
• मग पाळीपाळीने प्रत्येक जण आपल्या यादीतील एकच कल्पना वाचतो. ती सर्वांना दिसेल अशी लिहिली जाते. याद्या संपेपर्यंत फेऱ्या चालतात.
• प्रत्येक कल्पनेवर खुलासे आणि चर्चा होते.
• शेवटी प्रत्येक जण गुप्तपणे क्रम लावतो. बेरीज करून निर्णय होतो.

पाळी ठरलेली असल्याने जास्त बोलणाऱ्याला आवर बसतो आणि कमी बोलणाऱ्याला वेगळे धैर्य गोळा करावे लागत नाही. मत गुप्त असल्याने साहेबांकडे बघून हात वर होत नाहीत.

नोंदींचा ढीग झाला, तर जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांची ‘केजे’ पद्धत कामी येते. एका चिठ्ठीवर एक मुद्दा लिहून जवळच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवायच्या आणि तयार झालेल्या गटांना नावे द्यायची. रंगीत स्टिकी नोट्स चिकटवण्याची आजची पद्धत याच प्रकारची. एडवर्ड डी बोनो यांच्या ‘सहा टोप्या’ (१९८५) कल्पना तपासताना उपयोगाच्या. आधी सगळ्यांनी फक्त माहिती पाहायची, मग सगळ्यांनी फक्त धोके, मग फक्त फायदे. एक जण बाजूने आणि दुसरा विरोधात, अशी कुस्ती त्यामुळे टळते.

टीकेला खरेच बंदी हवी का?

इथे संशोधन थोडे वेगळे वळण घेते. शार्लन नेमेथ आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समध्ये गटांना वाहतूक कोंडीवर उपाय विचारले. काहींना ‘टीका करू नका’ असे सांगितले, काहींना ‘वाद घाला, टीकाही करा’ असे. एकंदरीत वाद घालायला मोकळीक मिळालेले गट सरस ठरले. पण यावरून पहिल्याच मिनिटाला ‘हे जमणार नाही’ म्हणण्याचा परवाना मिळत नाही. मुद्द्यावर टीका आणि माणसावर टीका यातला फरक आपल्या बैठकांत पटकन पुसला जातो. त्यामुळे क्रम महत्त्वाचा. लिहिताना टीका नको. लिहून झाल्यावर, कागद कोणाचा हे न विचारता, मुद्द्याची चिरफाड हवीच.

ऑनलाइन बैठकीत काय करावे?

मेलानी ब्रक्स आणि जोनाथन लेवाव यांचा २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे महत्त्वाचा. प्रयोगशाळेतील ६०२ जण, तसेच युरोप, पश्चिम आशिया आणि दक्षिण आशियातील पाच देशांतले एका दूरसंचार कंपनीचे १,४९० अभियंते त्यात होते. व्हिडीओ कॉलवरील जोड्यांना समोरासमोर बसलेल्यांपेक्षा कमी कल्पना सुचल्या. नजर पडद्यावर खिळली, की विचारही आकसतो, असे स्पष्टीकरण संशोधकांनी दिले. पण आलेल्या कल्पनांतून निवड करताना व्हिडीओ कॉल मागे पडला नाही.

यातून काढता येणारा धडा सरळ आहे. कल्पना कॉलच्या आधी प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहून एका फॉर्ममध्ये टाकाव्यात, कॉल फक्त निवडीसाठी ठेवावा. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कल्पना मागवणे मात्र टाळावे. पहिला मेसेज आणि त्यावरचे वरिष्ठांचे अंगठे पाहून पुढचे सगळे त्याच वाटेने जातात.

मग एकत्र बसण्याचा फायदाच नाही?

आहे. रॉबर्ट सटन आणि अँड्र्यू हार्गडन यांनी १९९६ मध्ये ‘आयडिओ’ या अमेरिकी डिझाइन कंपनीच्या बैठकांचा अभ्यास केला. कल्पनांची संख्या हा एकच निकष लावणे अपुरे आहे, असे त्यांनी मांडले. अशा बैठकांतून जुन्या कामातील अनुभव नव्या लोकांपर्यंत पोहोचतो आणि वेगवेगळी कौशल्ये एकत्र येतात. शिवाय निर्णयात सहभाग असला की अंमलबजावणीत माणसे हात झटकत नाहीत, हे कोणत्याही सोसायटीचा सचिव सांगेल.

लेखी पद्धतींनाही मर्यादा आहेत. २००६ मध्ये एरिक रीट्शेल, बर्नार्ड नाइस्टाड आणि श्ट्रोबे यांनी दाखवले, की एकेकट्या बसलेल्यांकडे कल्पना जास्त असल्या, तरी त्यातून निवड करताना त्यांची कामगिरी काही अधिक चांगली नव्हती. ढिगातून दाणे निवडणे हे वेगळे काम आहे आणि त्याला वेळ राखून ठेवावा लागतो. लिहिण्याची सवय नसलेल्यांसाठी कागद हाच अडसर ठरू शकतो. तिथे आधी जाऊन विचारावे आणि दुसऱ्याने लिहून घ्यावे. कोणत्याही भाषेत लिहायची किंवा चित्र काढायची मुभा हवीच.

हा विचार आपल्याला नवा आहे का?

तसे नाही. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. त्यामागचा विचार याच जातीचा. सगळे गाव जमल्यावर ज्यांचा आवाज दबतो, त्यांचे म्हणणे आधी वेगळे नोंदवायचे आणि मग ते सर्वांसमोर ठेवायचे. अनेक गावांत ही सभा कागदावरच उरकली जाते, ही तक्रारही जुनी आहे. म्हणजे नियम करून भागत नाही, खुर्चीवरच्या माणसाला तो पाळायची इच्छा असावी लागते. ऑफिसातही तेच.

उद्याच्या बैठकीत काय करता येईल?

पन्नास मिनिटांत बसणारा एक साधा आराखडा असा :

• आदल्या दिवशी : प्रश्न एका वाक्यात पाठवा. ‘कॅन्टीन सुधारणे’ असे मोघम नको. ‘दुपारचे उरणारे अन्न निम्म्यावर कसे आणायचे?’ असे नेमके हवे. ज्यांना प्रश्न रोज दिसतो, त्या माणसांनाही बोलवा.
• पहिली १० मिनिटे : पूर्ण शांतता. प्रत्येकाचे स्वतंत्र लेखन. कागदावर नाव नाही.
• पुढची १५ मिनिटे : कागद फिरवा. पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या.
• पुढची १० मिनिटे : सगळे वाचून दाखवा, सारखे मुद्दे एकत्र करा.
• पुढची ५ मिनिटे : चिठ्ठीवर गुप्त मत. पहिल्या तीन कल्पना निवडा.
• शेवटची १० मिनिटे : त्या तिघींवर खुली टीका. कोण, काय, कधीपर्यंत करणार हे ठरवा. साहेबांनी सर्वांत शेवटी बोलावे.

यातील सर्वांत अवघड भाग शेवटच्या वाक्यात आहे. कागद आणि पेन कोणीही आणेल. पण आपले मत गिळून चाळीस मिनिटे बसणे मॅनेजरला जमले नाही, तर कागद फिरूनही पहिले पाढे पंचावन्न. ते जमले, तर महिनोन् महिने बैठकीत गप्प बसणाऱ्या कोपऱ्यातल्या खुर्चीवरून काय येते, हे पहिल्यांदाच कळेल. ते वाचल्याशिवाय अप्रायझलच्या फॉर्मवर ‘पुढाकार कमी’ लिहू नये, एवढी अपेक्षा तरी रास्त आहे.